कोण कोणाला कामाला ठेवतो?

१८३७ साली इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत कामाचे तास कमी करण्याची मागणी जोर धरत होती. त्या वेळी नॅसो सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने कारखाना कायद्याविषयी पत्रे लिहून प्रसिद्ध केली आणि त्यांत एक हिशेब मांडला. गिरणीत १ लाख पौंडांचे भांडवल आहे असे धरा. ८० हजार इमारतीत आणि यंत्रांत, २० हजार कच्च्या मालात आणि मजुरीत. वर्षाकाठी १ लाख १५ हजारांचा माल निघतो. कामगार दिवसाला साडेअकरा तास, म्हणजे २३ अर्धे तास राबतो. त्यांपैकी २० अर्ध्या तासांत भांडवल भरून निघते, एका अर्ध्या तासात यंत्रांची झीज भरून निघते आणि राहिलेल्या दोन अर्ध्या तासांत, म्हणजे दिवसाच्या अगदी शेवटच्या तासात, मालकाचा निव्वळ नफा तयार होतो. तेव्हा दिवस एका तासाने कमी केलात तर निव्वळ नफा शून्यावर येईल. दीड तासाने केलात तर ढोबळ नफाही जाईल आणि गिरण्यांना टाळे लागेल. हे सांगणारा माणूस लहानसहान नव्हता. ऑक्सफर्डमध्ये अर्थशास्त्राचे अध्यासन निघाले तेव्हा त्यावर नेमले गेलेले पहिले प्राध्यापक म्हणजे हेच सीनियर.

१८४७ साली स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला. गिरण्यांना टाळे लागले नाही. पुढच्या दशकात ब्रिटनचा कापडधंदा फोफावत गेला. तास कमी झाले की सूत कमी कातले जाते आणि कापूसही कमी लागतो, एवढी साधी गोष्ट त्या हिशेबातून निसटली होती. कापसाची किंमत भरून काढण्यासाठी कामगाराला दिवसाचे वेगळे तास खर्चावे लागत नाहीत. कातता कातताच ती सुतात उतरते. १८६७ मध्ये ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने या शेवटच्या तासाचा सविस्तर समाचार घेतला.

इतक्या बुद्धिमान माणसाच्या नजरेतून कापूस सुटतो कसा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सीनियर मालकाच्या जमाखर्चाच्या वहीत बसून कामगाराच्या दिवसाकडे पाहत होते. तिथून पाहिले की दिवस किती तासांचा असावा आणि ते कोणी ठरवावे, हा दोन पक्षांमधला झगडा दिसतच नाही. दिसतो तो निसर्गनियमासारखा एक हिशेब, ज्याला हात लावला तर सगळ्यांचेच नुकसान. प्रस्थापित अर्थशास्त्राची ही सवय अजून गेलेली नाही, असे माझे म्हणणे आहे. मार्क्सवादी आणि इतर जहाल टीकाकारांनी ती वेळोवेळी पुराव्यानिशी पकडली. तरीही मजुरी, बेकारी आणि कामाचे तास यांविषयीचे सार्वजनिक निर्णय आजही तीच सवय घेऊन केले जातात आणि वर्गात तीच शिकवली जाते.

प्रस्थापित अर्थशास्त्रावर सर्वांत जास्त ऐकू येणारी टीका वेगळी आहे. माणूस इतका स्वार्थी नसतो, त्याला सगळी माहिती नसते, बाजारात पूर्ण स्पर्धा कुठेच नसते, अशी ती टीका. मला ती दुबळी वाटते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्येच तिला उत्तर देऊन ठेवले होते: गृहीतके खरी आहेत की नाहीत हे पाहू नका, भाकिते खरी ठरतात का ते पाहा. ते उत्तर मान्य नसले तरी एवढे खरे की गृहीतके सैल करत नेणे या शास्त्राला सहज जमते. अपुरी माहिती, चुकार माणूस, मूठभर विक्रेत्यांचा बाजार अशा एकेका त्रुटीवर गेल्या काही दशकांत ढीगभर प्रारूपे तयार झाली आणि मुख्य इमारतीला ओसऱ्या जोडाव्यात तशी जोडली गेली. इमारत जागची हलली नाही.

मार्क्सवाद्यांनी बोट ठेवले ते पायावर. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सांगितले होते की जमीनदार, भांडवलदार आणि मजूर या वर्गांत उत्पन्न कोणत्या नियमांनी वाटले जाते हे शोधणे हा अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्न आहे. पुढे १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर, १८७४ मध्ये वॉलरास यांनी दिशा बदलली. केंद्रस्थानी निवड करणारी एकटी व्यक्ती आली. १९३२ मध्ये लायोनेल रॉबिन्स यांनी दिलेली व्याख्या तर अजून पाठ करून घेतली जाते: उद्दिष्टे आणि पर्यायी उपयोग असलेली मर्यादित साधने यांचा मेळ घालणाऱ्या मानवी वर्तनाचा अभ्यास. या व्याख्येत गिरणीमालक आणि गिरणीकामगार एकाच रांगेत उभे राहतात. दोघांच्याही हातात मर्यादित साधने, दोघेही निवड करणारे. एकाचे साधन गिरणी आणि दुसऱ्याचे साधन स्वतःचे शरीर, हा फरक व्याख्येच्या बाहेर राहतो.

मग वाटणीचे काय? ते काम अमेरिकेच्या जॉन बेट्स क्लार्क यांनी १८९९ मध्ये केले, आणि त्यांचा प्रामाणिकपणा मला आदराचा वाटतो. त्यांनी आपला हेतू लपवला नाही. १८८६ मध्ये शिकागोतल्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या चळवळीचे रक्तरंजित प्रकरण घडले होते, १८९४ मध्ये पुलमनचा रेल्वे संप झाला होता. कामगार म्हणत होते की आमच्या श्रमाची लूट होते. क्लार्क यांनी लिहिले की हा आरोप सिद्ध झाला तर प्रत्येक सरळ बुद्धीच्या माणसाने समाजवादी व्हायला हवे. आणि मग आरोप खोटा आहे हे दाखवायला ते बसले. स्पर्धा निर्वेध असेल तर प्रत्येक उत्पादन घटकाला, म्हणजे श्रमाला आणि भांडवलालाही, त्याने जेवढे निर्माण केले तेवढेच मिळते. हा निसर्गनियम आहे, असा त्यांचा निष्कर्ष. हाच सीमांत उत्पादकतेचा सिद्धांत. आणखी एक कामगार लावला तर उत्पादनात जी भर पडते ती मजुरी, आणखी एक एकक भांडवल लावले तर जी भर पडते तो नफा किंवा व्याज.

आणखी एक एकक भांडवल. ग्यानबाची मेख इथेच आहे.

कामगारांचे तास मोजता येतात, जमिनीचे एकर मोजता येतात. भांडवल कशात मोजायचे? एका कारखान्यात माग आहेत, दुसऱ्यात भट्ट्या, तिसऱ्यात क्रेन. यांची बेरीज करायची तर पैशातच करावी लागते. पण यंत्राची किंमत कशी ठरते? त्याच्या उत्पादन खर्चात नफ्याचा दर मिसळलेला असतो. दर बदलला की किंमत बदलते. म्हणजे नफ्याचा दर ठरवण्यासाठी भांडवलाचे परिमाण हवे आणि भांडवलाचे परिमाण ठरवण्यासाठी नफ्याचा दर आधीच माहीत हवा. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला. त्यांचा रोख शिक्षणपद्धतीवरही होता. विद्यार्थ्याला उत्पादनाचे समीकरण लिहायला शिकवतात, श्रम तासांत मोजायला सांगतात आणि भांडवल कोणत्या एककात मोजायचे हे विचारायचे त्याला सुचण्याआधीच घाईने पुढच्या धड्याकडे नेतात. सुचेपर्यंत तो स्वतःच प्राध्यापक झालेला असतो, आणि मग ढिसाळ विचारांची ती सवय पुढच्या पिढीकडे जाते.

१९६० मध्ये पिएरो स्राफा यांचे जेमतेम शंभर पानांचे पुस्तक आले. वस्तूंपासून वस्तू कशा तयार होतात याची समीकरणे मांडून त्यांनी दाखवले की उत्पादनाचे तंत्र संपूर्ण माहीत असले तरी त्यावरून मजुरी आणि नफा यांची वाटणी ठरत नाही. दोहोंपैकी एक बाहेरून ठरल्याखेरीज दुसरे आणि किमती निघत नाहीत. हे ‘बाहेरून’ म्हणजे काय, यावर मतभेद होऊ शकतात. संघटनांचे बळ, कायदा, रूढी, मध्यवर्ती बँकेचा व्याजदर, काहीही असेल. पण यंत्रांच्या आराखड्यात वाटणीचे उत्तर लिहिलेले नाही, एवढे नक्की झाले. त्याच समीकरणांतून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. नफ्याचा दर कमी असताना जे तंत्र सर्वांत स्वस्त पडते, तेच दर मध्यम असताना महाग ठरून मागे पडते आणि दर आणखी वाढला की पुन्हा स्वस्त ठरते. मग भांडवल मुबलक म्हणून व्याज कमी, भांडवल दुर्मीळ म्हणून व्याज जास्त, ही क्लार्क यांच्या काळापासूनची गोष्ट सरसकट खरी मानता येत नाही.

अमेरिकेतल्या केंब्रिजला, म्हणजे एमआयटीला, हे पटणे कठीण होते. पॉल सॅम्युएलसन यांनी १९६२ मध्ये जुनी गोष्ट वाचवण्याचा मार्ग सुचवला. १९६५ मध्ये डेव्हिड लेव्हारी यांनी असे तंत्र परतून येणे संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या पातळीवर अशक्य असल्याची सिद्धता प्रसिद्ध केली. लुइजी पासिनेट्टी यांनी त्या सिद्धतेतली चूक दाखवली. १९६६ मध्ये हार्वर्डच्या त्रैमासिकात या विषयावर चर्चासत्र छापले गेले आणि त्यात लेव्हारी व सॅम्युएलसन यांनी आपले प्रमेय चुकीचे असल्याचे स्वतः लिहिले. ज्यांना जुन्या बोधकथांची ओढ आहे त्यांना यामुळे डोकेदुखी होणार असेल तर विद्वानांचा जन्म सुखासीन आयुष्यासाठी नसतो हे त्यांनी लक्षात ठेवावे, असेही सॅम्युएलसन यांनी तिथे बजावले. शास्त्रात हरण्याची याहून सभ्य रीत नसेल.

आणि तरी पाठ्यपुस्तक बदलले नाही. १९६९ मध्ये सी. ई. फर्ग्युसन या अर्थशास्त्रज्ञाने तर कबूलच केले की टीका तर्कदृष्ट्या बरोबर आहे, पण या सिद्धांतावर विसंबणे हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि आपली श्रद्धा आहे. आज बहुतेक विद्यापीठांत पदवीचा विद्यार्थी उत्पादन फलन, म्हणजे श्रम आणि भांडवल लावून किती माल निघतो याचे समीकरण, शिकतो, त्यात भांडवलासाठी एक अक्षर लिहितो, त्याचे सीमांत उत्पादन काढतो आणि त्याला नफ्याचा दर म्हणतो. असा वाद झाला होता, तो कोण हरले, हे त्याला कोणी सांगत नाही. एखाद्या विज्ञानात मध्यवर्ती प्रमेय चुकल्याचे खुद्द धुरीणांनी मान्य करावे आणि पुढची पन्नाससाठ वर्षे ते पहिल्या वर्षाला शिकवले जावे, हे मला गंभीर वाटते.

‘प्रत्यक्ष आकडेवारीशी तर ते समीकरण जुळते ना?’ असे यावर म्हटले जाते. जुळते, खूपच छान जुळते. १९७४ मध्ये अन्वर शेख यांनी ते इतके छान का जुळते हे दाखवले. त्यांनी आलेखावर असे बिंदू घेतले की त्यांतून इंग्रजीत ‘हम्बग’ हा शब्द उमटावा. त्या मनःपूत आकडेवारीलाही उत्पादन फलन उत्तम बसले. कारण उत्पन्न म्हणजे मजुरी अधिक नफा ही हिशेबाच्या व्याख्येनेच कायम खरी असणारी समानता आहे, आणि मजुरीचा वाटा जवळपास स्थिर असेल तर त्या समानतेतूनच बीजगणिताने ते समीकरण बाहेर पडते. उत्पादन कसे होते याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रॉबर्ट सोलो यांनी प्रत्युत्तर दिले, वाद लांबला. पण ‘आकडे सिद्धांताला दुजोरा देतात’ या वाक्यातला आत्मविश्वास त्यानंतर टिकायला नको होता.

हा झाला तर्काचा भाग. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट कारखान्याच्या दारापलीकडे आहे. १९५७ मध्ये मार्क्सच्या प्रारूपांवर लिहिताना सॅम्युएलसन यांनी एक वाक्य लिहिले: पूर्ण स्पर्धेच्या बाजारात कोण कोणाला कामाला ठेवतो याने खरोखर काही फरक पडत नाही, तेव्हा श्रमाने भांडवल भाड्याने घेतले असे धरा. प्रारूपाच्या आत हे बरोबर आहे. मजुरीचा दर, भांडवलाचा दर आणि करारातली प्रत्येक गोष्ट आधीच ठरलेली असेल तर मालक कामगाराला ठेवतो की कामगार यंत्र भाड्याने आणतात, समीकरणाला त्याचे सोयरसुतक नसते. मग प्रत्यक्षात सगळीकडे एकाच दिशेने का घडते? लाखो माणसे रोज सकाळी दुसऱ्याच्या हुकमाखाली कामाला का जातात आणि यंत्रे कधीच माणसांच्या हुकमाखाली भाड्याने का येत नाहीत?

मार्क्सचे उत्तर त्याने केलेल्या एका भेदात आहे. मालक विकत घेतो ती श्रमशक्ती, म्हणजे ठरावीक वेळ काम करण्याची क्षमता. त्या वेळात प्रत्यक्ष किती श्रम होतील हे करारात लिहिलेले नसते, लिहिता येतही नाही. ते कामाच्या जागी ठरते: किती वेगाने, किती विश्रांती, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या भीतीने. बाजारात दोघे समान हक्कांचे नागरिक म्हणून भेटतात, करार स्वखुशीने होतो. दार ओलांडून आत गेले की एक पुढे चालतो आणि दुसरा मागून, असे चित्र मार्क्सने ‘भांडवल’मध्ये रंगवले आहे. वरकड मूल्याचा, म्हणजे मजुरीपेक्षा कामगाराच्या श्रमातून जे जास्त निर्माण होते त्याचा, उगम तो याच जागी पाहतो.

प्रस्थापित अर्थशास्त्राने ही जागा किती काळजीपूर्वक झाकली याचा नमुना १९७२ च्या एका प्रसिद्ध निबंधात सापडतो. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी त्यात म्हटले की मालकाकडे कामगारावर हुकूम चालवण्याची काही खास सत्ता नसते. ते कागद फायलीत लावण्याऐवजी हे पत्र टाइप कर असे सांगणे आणि किराणा दुकानदाराला तो पाव नको, हा माशांचा डबा दे असे सांगणे, दोन्ही सारखेच. फार तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, मालक दुसरा माणूस शोधील. पण गिऱ्हाईक दुकान बदलते तेव्हा दुकानदाराचे एका डब्याचे नुकसान होते. मालक माणूस बदलतो तेव्हा त्या माणसाचे घरभाडे थकते, मुलांची शाळा अडते, त्याच्या आजारपणाला आधार राहत नाही. दोन्ही बाजूंना ‘दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य’ आहे हे खरे. पण एका बाजूला त्याची किंमत नगण्य आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळे आयुष्य, हा फरक दडपून समानता मांडता येते कशी?

दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, स्टीफन मार्गलिन आणि हॅरी ब्रेव्हरमन यांनी स्वतंत्रपणे याच जागेकडे लक्ष वेधले. कारखाना आला तो केवळ यंत्रे कार्यक्षम होती म्हणून आला नाही, विखुरलेल्या कामगारांना एका छपराखाली आणून त्यांच्या वेळेवर आणि वेगावर ताबा मिळवता आला हेही तितकेच मोठे कारण होते, असे मार्गलिन यांचे म्हणणे. कामातले ज्ञान कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापनाच्या कागदावर कसे नेले गेले, याचा ब्रेव्हरमन यांनी मागोवा घेतला. आज पडद्यावर प्रत्येक कळ दाबल्याची नोंद होते, वाहनाचा प्रत्येक थांबा टिपला जातो आणि पुढचे काम कोणाला द्यायचे हे संगणकाचा कार्यक्रम ठरवतो, तेव्हा ही पुस्तके जुनी वाटत नाहीत.

इथून बेकारीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. पाठ्यपुस्तकात बेकारी म्हणजे बाजारातला बिघाड, मजुरी पुरेशी खाली न आल्याचा परिणाम. मार्क्सने १८६७ मध्ये बेकारांच्या राखीव फौजेविषयी लिहिले: ही फौज बाहेर उभी असते म्हणून आतल्या माणसाला वेग वाढवायला लावता येते आणि त्याची मजुरी आटोक्यात राहते. १९४३ मध्ये मायकल कालेत्स्की यांनी तो विचार सरकारी धोरणाला लावला. पूर्ण रोजगारात मालकवर्गाचा नफा वाढण्याचीच शक्यता असते, तरी उद्योजक त्याला विरोध करतात, असे त्यांचे निरीक्षण होते. कारण कामावरून काढून टाकण्याचा धाक संपला की कारखान्यातली शिस्त ढासळते, आणि नफ्यापेक्षा ती त्यांना मोलाची वाटते.

१९८४ मध्ये कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी प्रस्थापित गणिताच्या आतूनच एक प्रारूप तयार केले. मालकाला कामगाराच्या कष्टावर पूर्ण नजर ठेवता येत नाही, तेव्हा कामचुकारपणा रोखायचा तर काढून टाकल्यावर दुखायला हवे. ते दुखण्यासाठी समतोलातही बाहेर काही माणसे बेकार असावीच लागतात. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी बेकारीला कामगारांना शिस्त लावणारे साधन म्हटले. म्हणजे ११७ वर्षांनी प्रस्थापित अर्थशास्त्र गणित करत करत मार्क्सच्या त्याच प्रकरणाशी येऊन पोहोचले. फरक एवढाच की आता ही माहितीच्या अभावाने होणारी एक तांत्रिक अडचण ठरली. सॅम्युएल बोल्स यांनी पुढच्याच वर्षी हा फरक मुद्देसूद मांडला: कामगार कामचुकार असतो हा मनुष्यस्वभाव म्हणून गृहीत धरायचा, की ज्या कामावर आपला अधिकार नाही आणि ज्याचे फळ आपले नाही त्या कामाशी माणसाचे असलेले नाते म्हणून समजून घ्यायचा?

‘ही टीका जुन्या पाठ्यपुस्तकावर आहे, आजचे अर्थशास्त्र बदलले आहे,’ या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. १९९२ मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली झटपट खाद्यपदार्थांची उपाहारगृहे तुलनेला घेतली. रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. १९९४ मध्ये तो निबंध छापून आला तेव्हा केवढा गहजब झाला. २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला. मालकाच्या हातात मजुरी ठरवण्याची ताकद असते ही गोष्ट आता मान्यवर नियतकालिकांत मोजली जाते. हे चांगले काम आहे आणि त्याचा फायदा खऱ्या माणसांना होतो. पण त्या लिखाणात ही ताकद बहुधा बाजारातली अपूर्णता म्हणून येते. पुरेसे मालक असते तर ती नाहीशी झाली असती, असे त्यामागचे गृहीत. मार्क्सवादी म्हणतो की मालक हजार असले आणि मला त्यांच्यातून निवडता आले, तरी कोणाकडे तरी जावेच लागणे ही माझी स्थिती तशीच राहते. किमान वेतन दहा टक्क्यांनी वाढवावे का, या प्रश्नावर दोन्ही मते एकत्र येऊ शकतात. कामाच्या जागी निर्णय कोण घेईल, या प्रश्नावर येत नाहीत, कारण पहिल्या मतात तो प्रश्नच नाही.

टीकाकारांच्या घरातही पडझड आहे आणि ती झाकून ठेवली तर टीकेचे वजन कमी होते. श्रममूल्यांवरून, म्हणजे वस्तूत किती श्रम गेले यावरून, बाजारभाव काढण्याची मार्क्सची रीत अपुरी आहे, हे बोम बावेर्क यांनी १८९६ मध्येच म्हटले होते. नंतर बोर्टकिएविच यांनी तिची दुरुस्ती सुचवली, आणि १९७७ मध्ये इयन स्टीडमन यांनी स्राफांची समीकरणे घेऊन दाखवले की नफ्याचा दर काढायला श्रममूल्यांची मधली पायरी लागतच नाही. १९६१ मध्ये नोबुओ ओकिशिओ यांनी सिद्ध केले की खरी मजुरी स्थिर असेल तर भांडवलदाराला स्वस्त पडणारे नवे तंत्र सर्वसाधारण नफ्याचा दर खाली आणत नाही. नफ्याचा दर घसरत जाऊन व्यवस्था आपोआप कोसळेल, अशी वाट पाहत बसलेल्यांना याचे उत्तर द्यावेच लागते. मला स्वतःला ते भाकीत कधीच टीकेचा गाभा वाटले नाही. १९८२ मध्ये जॉन रोमर यांनी तर श्रममूल्य बाजूला ठेवून आणि सॅम्युएलसन यांचे म्हणणे मान्य करून दाखवले की श्रमाने भांडवल उसने घेतले तरीही शोषण उद्भवते, कारण त्याचे मूळ मालमत्तेच्या विषम वाटणीत आहे. सॅम्युएलसन यांच्या वाक्याला मिळालेले हे सर्वांत धारदार उत्तर. कोण कोणाला ठेवतो याने फरक पडत नसेल, तर कोणाच्या मालकीचे काय आहे याने पडतो.

सोव्हिएत अनुभव आणखी कडवट आहे. तिथे खासगी मालक गेला. पण कामगाराला स्वतंत्र संघटना आणि संपाचा हक्क मिळाला नाही. कामाचे उद्दिष्ट वरून ठरत राहिले आणि व्यवस्थापकाचा हुकूम कायम राहिला. जे मार्क्सवादी कारखान्याच्या दारापलीकडची सत्ता हा आपला विषय मानतात, त्यांनी त्या कारखान्यांकडेही त्याच कठोरपणे पाहायला हवे होते. अनेकांनी पाहिले नाही.

दुसरी उणीव स्त्रीवादी अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही पंथांच्या पदरात टाकली. कामगार दुसऱ्या दिवशी कामाला येतो तो कोणीतरी त्याला जेवू घातलेले असते, मुले सांभाळलेली असतात म्हणून. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही, आणि १९७० च्या दशकापर्यंत मार्क्सवादी लिखाणातही ते कडेलाच होते.

मग शिकवायचे काय? प्रस्थापित सिद्धांत हाकलून त्या जागी दुसरे पाठांतर बसवावे असे मी म्हणत नाही. वाद असेल तिथे वाद शिकवा, एवढीच मागणी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत जहाल अर्थशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली ती याच मागणीतून; २००० साली फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी पत्रक काढले; २०११ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातून उठून बाहेर पडून निषेध केला. संस्थांचा प्रवास बरेचदा उलट्या दिशेने झाला. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाने २००३ मध्ये अर्थशास्त्र विभागाची फाळणी करून वेगळ्या विचारांच्या प्राध्यापकांना एका बाजूला ठेवले आणि २०१० मध्ये तो विभागच बंद केला. नेमणुका ठरावीक नियतकालिकांतल्या निबंधांवर ठरतात, ती नियतकालिके ठरावीक पद्धतीचेच निबंध छापतात, आणि मग वेगळा विचार करणारे कमी आहेत हाच त्या विचारात दम नसल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

याची किंमत वर्गाबाहेर मोजली जाते. १९६७ च्या डिसेंबरात फ्रीडमन यांनी बेकारीचा ‘नैसर्गिक दर’ ही कल्पना मांडली. बेकारी त्याखाली नेऊ पाहाल तर महागाई वाढतच जाईल. १९७९ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई मोडण्यासाठी व्याजदर चढवत नेले. १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले आणि १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. महागाई उतरली. उतरवायला हवी होती की नाही, यावर दोन मते असतील. पण किंमतवाढीचा भार मजुरी, नफा, खंड आणि व्याज यांपैकी कोणावर टाकायचा, ही निवड होती, आणि ती निवड म्हणून कधी लोकांपुढे आली नाही. आजही व्याजदर वाढवण्याच्या निवेदनात ‘श्रमबाजारातला ताण सैल होणे आवश्यक’ असे लिहिले जाते. त्या जागी सरळ लिहावे: आमच्या अंदाजाने इतक्या माणसांचे काम जाईल, त्यामुळे उरलेल्यांना वेतनवाढ मागणे कठीण होईल, आणि त्या बदल्यात अमुक उत्पन्नगटाच्या मिळकतीचे रक्षण होईल. मग त्यावर संसदेत, संघटनांत आणि वर्तमानपत्रांत चर्चा व्हावी आणि ज्यांचे काम जाणार आहे त्यांनाही तीत बोलता यावे.